दगडांचा दप्तरदार : जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम

जबलपूरच्या मराठी घरी पुण्यामुंबईहून अथवा नागपूरहून पाहुणे आले म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेडाघाटचा बेत ठरलेलाच असतो. धुवांधारचे तुषार अंगावर घ्यावेत, नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून फेरी मारावी, कोजागिरी असेल तर चांदण्यात दुधाचा प्याला हाती धरावा आणि परतावे, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पाहुण्यांमध्ये कोणी उत्साही असलाच तर टेकडीच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळापर्यंत जाणे होते. वर्तुळाकार ओवरीतून एक प्रदक्षिणा होते, भग्न मूर्ती पाहून हळहळ व्यक्त होते, आणि खाली उतरल्यावर ती हळहळही नर्मदेच्या पाण्यात विरून जाते. या ओवरीतील एकेक कोनाडा मोजून, एकेका मूर्तीच्या बैठकीवरील अक्षरे वाचून, त्यांची यादी सरकारी अहवालात कोणी नोंदविली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकानेही तो पुष्कळ वर्षे विचारला नव्हता.

ती यादी करणारा गृहस्थ म्हणजे मेजर-जनरल सर अलेक्झांडर कनिंगहॅम. भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा हा पहिला प्रमुख. मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या भूमीत आपण येऊन राहिलो, जिच्या दगडधोंड्यांना आपण हळूहळू आपले म्हणू लागलो, त्या भूमीचे दप्तर ज्याने प्रथम लावले त्याची ओळख असणे गैर नाही. शिवाय या गृहस्थाच्या गुणांइतकेच त्याचे दोषही आज विचार करण्याजोगे आहेत. जुनी वास्तू राखणे हे सरकारचे काम आहे काय, आणि असेल तर ते कोणी व कसे करावे, हा वाद त्याच्या आयुष्यभर त्याच्या पाठीशी लागला होता. तो अजूनही मिटलेला नाही.

अलेक्झांडरचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील अ‍ॅलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे. कवी म्हणून त्यांचे नाव झाले. पण तरुणपणी त्यांनी पाथरवटाचे काम केले होते, आणि पुढे चॅन्ट्री या प्रसिद्ध मूर्तिकाराच्या कारखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. छिन्नीचा आवाज आणि कवितेचे वेड अशा दुहेरी वातावरणात मुले वाढली. दगडाकडे पाहण्याची दृष्टी अलेक्झांडरला बापाकडून मिळाली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या वजनामुळे या कवीच्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात जागा मिळाल्या. अलेक्झांडरची निवड बेंगॉल इंजिनिअर्समध्ये झाली आणि १८३३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो कलकत्त्यास उतरला.

कलकत्त्यास त्याला गुरू भेटला तो टांकसाळीत. जेम्स प्रिन्सेप हा तेथील नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी. दिवसा धातू तपासावा आणि उरलेल्या वेळी जुन्या नाण्यांवरील व स्तंभांवरील न उलगडलेली लिपी तपासावी, असा त्याचा उद्योग. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले आणि अशोकाचे शिलालेख दोन हजार वर्षांनी बोलू लागले. या घटनेचा साक्षीदार असलेला तरुण इंजिनिअर जन्मभर त्या धुंदीतून बाहेर आला नाही. प्रिन्सेप १८४० मध्ये अकाली गेला; शिष्याने त्याचे व्रत पुढे त्रेपन्न वर्षे चालविले.

त्यापूर्वीच, १८३५ च्या सुमारास, कनिंगहॅमने स्वतःच्या खिशातील पैसे खर्चून सारनाथचा धमेख स्तूप शिखरापासून तळापर्यंत पोखरून पाहिला होता. आज कोणा अधिकाऱ्याने असे केले तर त्याची चौकशी लागेल. त्या काळी हाच शोधाचा मार्ग समजला जाई. सारनाथने त्याला दुसरा एक धडा दिला. १७९४ मध्ये काशीचे जगतसिंह यांनी एक संपूर्ण स्तूप विटांसाठी उतरविला होता. त्याच्या पोटात सापडलेल्या अस्थी त्यांनी गंगेत सोडल्या आणि विटा जगतगंज वस्तीच्या बांधकामाला लावल्या. कनिंगहॅमने स्वतः काढून ठेवलेल्या मूर्तींची गतही निराळी झाली नाही. जवळच्या बरना नदीवर पूल होत असता प्रवाहाचा जोर मोडण्यासाठी सुमारे चाळीस मूर्ती व कोरीव दगड नदीत लोटण्यात आले. पूल बांधणारे अडाणी नव्हते, सरकारी इंजिनिअरच होते. कनिंगहॅमने पुढे हे आपल्या अहवालात नमूद करून ठेवले आहे. उकरून काढलेली वस्तू ज्याच्या ताब्यात द्यायची असा राखणदार नसेल, तर ती जमिनीखाली होती तीच बरी होती, हे त्या नदीतल्या मूर्तींवरून कोणासही कळावे. कनिंगहॅमला ते पुरते कळले होते काय, याविषयी मात्र मला शंका आहे. पुढील हकीकतीवरून वाचकांनी ठरवावे.

मराठ्यांशी त्याची गाठ पडली ती रणांगणावर. २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांच्या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, एक महाराजपूरला आणि दुसरी पनियारला. पनियारच्या लढाईत कनिंगहॅम हजर होता. लढाई संपली आणि पुढील दोन वर्षे त्याच ग्वाल्हेरात तो एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून राहिला. मोरार नदीवरचा दगडी पूल त्याने बांधला. ज्या किल्ल्याच्या मालकांवर त्याने शस्त्र धरले, त्याच किल्ल्यातील मानमंदिराचे आणि सासबहू देवळांचे सविस्तर वर्णन त्याने पुढे आपल्या अहवालांत लिहिले. इतिहासात असे विचित्र योग पुष्कळ आढळतात.

त्याच वर्षी, म्हणजे १८४३ मध्ये, त्याने कर्नल साइक्स यांना एक पत्र लिहिले. हे साइक्स पूर्वी दख्खनमध्ये होते, पुण्याच्या जुन्या कागदपत्रांत त्यांचे नाव वारंवार येते. भारतातील प्राचीन अवशेषांचा शोध सरकारने घ्यावा, असे पत्रात सुचविले होते. पण कारणे दिली होती ती राज्यकर्त्याची. या देशात नेहमी एकच धर्म नव्हता, बौद्ध मताचा उदय व लय येथेच झाला, हे दाखविल्याने इंग्रजी राज्याला आणि ख्रिस्ती धर्मप्रसारालाही साहाय्य होईल, असा त्याचा होरा होता. हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कनिंगहॅम साधू नव्हता. तो आपल्या सरकारचा नोकर होता आणि सरकारला पटेल अशी भाषा बोलत होता. १८४८ मध्ये त्याने पुन्हा एक योजना मांडली. तीही तशीच पडून राहिली.

त्याचा भाऊ जोसेफ भोपाळ दरबारात पोलिटिकल एजंट होता. शीख लोकांचा इतिहास लिहिताना त्याने इंग्रजांची अडचणीची कृत्ये स्पष्ट लिहिली म्हणून त्याला त्या पदावरून दूर करण्यात आले. तो १८५१ साली निवर्तला. त्याच वर्षाच्या आरंभी अलेक्झांडर आणि लेफ्टनंट मेझी हे दोघे भेलशाच्या परिसरातील स्तूप उघडीत होते. सांचीच्या मुख्य स्तूपात त्यांनी मध्यभागी विवर खणले. हाती काही लागले नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात मात्र सारिपुत्त व मोग्गलान या बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांच्या अस्थी नावानिशी सापडल्या. शोध अपूर्व होता. परंतु उघडलेले स्तूप नीट बुजविण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्यापूर्वी १८२२ मध्ये झालेल्या खोदाईने मुख्य स्तूपाला खिंडार पडलेच होते; त्यात पावसाची आणि झाडाझुडपांची भर पडली. अस्थी विलायतेस गेल्या. त्या परत येऊन सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाल्या त्या १९५२ मध्ये. ज्ञान मिळाले, वास्तू मात्र खिळखिळी झाली. १८५४ साली या विषयावर त्याचा ग्रंथ निघाला. तो आजही वाचनीय आहे, आणि वाचताना मन दुभंगते.

१८६१ साली मेजर-जनरल होऊन कनिंगहॅम लष्करातून निवृत्त झाला. वय सत्तेचाळीस. त्याच वर्षी त्याने व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्याकडे टिपण पाठविले आणि या वेळी ते मंजूर झाले. डिसेंबर १८६१ मध्ये उत्तर हिंदुस्थानसाठी सरकारी पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. खाते म्हणजे तो स्वतः, काही नोकर, तंबू आणि मोजमापाची साखळी. हाती नकाशा होता तो बाराशे वर्षांपूर्वीचा! चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याच्या प्रवासवर्णनाचा फ्रेंच अनुवाद नुकताच निघाला होता. त्यातील दिशा व अंतरे मोजीत, गावोगावच्या टेकाडांवर चढत, कनिंगहॅमने श्रावस्ती, कौशांबी, तक्षशिला, नालंदा अशी विस्मृतीत गेलेली नगरे एकामागून एक ओळखली. काही जागा चुकल्याही. पण चार हिवाळ्यांत एका माणसाने एवढे काम करावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आणि मग काटकसर आली. १८६६ च्या आरंभी सरकारने हे पदच रद्द केले. कनिंगहॅम विलायतेस गेला, एका बँकेच्या संचालक मंडळावर बसला, आणि फावल्या वेळात भारताचा प्राचीन भूगोल लिहू लागला.

येथे थोडे विषयांतर करतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेली. नोकरीच्या प्रारंभी एका बदलीच्या गावी, गाव आणि कचेरी कोणती हे सांगण्याचे कारण नाही, दप्तरखाना रिकामा करण्याचा हुकूम निघाला. जुन्या कागदांत कापडावर चिकटविलेले हातचे नकाशे होते. विहिरी, घाट, देवळे, धर्मशाळा बारीक अक्षरांत दाखविलेली. ते रद्दीच्या यादीत गेले. त्या यादीवर इतरांबरोबर माझीही सही आहे. नियमात सर्व काही बसत होते. पुढे काही वर्षांनी त्याच गावातील एका घाटाची हद्द कोठपर्यंत, असा वाद उपस्थित झाला, तेव्हा ते नकाशे मला आठवले. पद रद्द होते, कागद जातो, आणि त्यांच्यामागे दगडही जातो, हे मी अनुभवाने लिहीत आहे.

लॉर्ड मेयो यांनी खाते पुन्हा उभे केले आणि फेब्रुवारी १८७१ मध्ये कनिंगहॅमने सर्वेक्षणाचा प्रमुख संचालक म्हणून सूत्रे घेतली. वय सत्तावन्न. ज्या वयात आपण पेन्शनचे कागद जुळवू लागतो त्या वयात हा मनुष्य पुन्हा तंबूत राहावयास निघाला. मदतीला बेग्लर आणि कार्लाइल हे दोन सहायक मिळाले. मुंबई आणि अलाहाबाद यांना जोडणारा लोहमार्ग नुकताच, १८७० मध्ये, जबलपुरास सांधला गेला होता. या मार्गामुळेच आपला हा प्रदेश त्याच्या दौऱ्यांच्या टप्प्यात आला.

नोव्हेंबर १८७३ च्या अखेरीस तो नागपूरच्या वाटेवर असता सतना स्टेशनाच्या दक्षिणेस सुमारे नऊ मैलांवर, नागोद संस्थानातील भरहुत या खेड्यात गेला. तेथे जमिनीतून डोके वर काढलेले काही खांब त्याने पाहिले. पुढील वर्षी माती उपसल्यावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एका भव्य स्तूपाचे कठडे आणि पूर्वेचे तोरण उजेडात आले. तांबूस दगडावर जातककथा कोरलेल्या, आणि बहुतेक प्रसंगांखाली त्या प्रसंगाचे नाव ब्राह्मी अक्षरांत लिहिलेले! बौद्ध शिल्पाचा जणू सचित्र कोशच. पण स्तूप कोठे होता? तो गावात होता. दोनशेहून अधिक घरे त्याच्याच विटांनी बांधलेली होती. कठड्यांचे दगड आसपासच्या खेड्यांत पोचले होते. कोठे उंबरठ्याला, कोठे धोब्याच्या घाटावर. स्तूपाच्या मूळ ढिगाऱ्यापैकी फार थोडे शिल्लक राहिले होते.

आता काय करावे? उरलेले जागच्या जागी ठेवावे, तर गाडीवाले ते नेणार हे उघड होते. पहारा बसवावा, तर पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यावा, हे ठरलेले नव्हते. कनिंगहॅमने निर्णय केला, नागोदच्या राजांनी दगड सरकारला देऊ केले, आणि १८७५-७६ च्या सुमारास भरहुतचे तोरण व कठडे रेल्वेने कलकत्त्याच्या संग्रहालयात रवाना झाले. या कृतीला त्याच वेळी आक्षेप घेण्यात आला. इंग्लंडातले स्टोनहेंज कोणी उचलून शहरात नेऊन ठेवील काय, अशी तुलना करण्यात आली. हा विध्वंसाचाच एक प्रकार आहे, असे मत पडले. कनिंगहॅमचे उत्तर होते की, तेथे ठेवलेले दगड फुटण्यापेक्षा दूर ठेवलेले दगड टिकलेले बरे. त्याने जे नेले नाही त्याचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. मागे राहिलेले तुकडे पुढे अलाहाबादच्या आणि इतर संग्रहालयांतून जमवावे लागले. भरहुतच्या टेकाडावर आज पाहण्यासारखे जवळजवळ काही उरलेले नाही. परंतु ही बाजू घेतानाही मनात एक सल राहतो. सतन्याहून जबलपूरला येणाऱ्या गाडीत बसलेल्या किती जणांना ठाऊक असते की, जगातील सर्व बौद्ध कलेच्या ग्रंथांत ज्याचे नाव आहे ते स्थळ या लोहमार्गापासून थोड्याच अंतरावर आहे? वस्तू वाचली, गावाचे नाते तुटले.

१८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन हिवाळ्यांतील मध्य प्रांताच्या दौऱ्याचा वृत्तांत त्याच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात आहे. तो १८७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपले तेवर आहे, करणबेल आहे आणि भेडाघाटही आहे. तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. भेडाघाटला जाताना रस्त्यावरचे हे खेडे आपण एका क्षणात मागे टाकतो. तेथील घडीव दगड पिढ्यान् पिढ्या लोकांनी भिंतींत बसविले. घरांच्या जोत्यांतून व देवळांच्या कट्ट्यांवर मूर्तींचे तुकडे दिसत. कनिंगहॅमने जे उभे होते त्याचे मोजमाप घेतले, जे पडले होते त्याची नोंद केली.

टेकडीवरील योगिनी-मंदिर त्याने बारकाईने पाहिले. बाहेरून सुमारे १३० फूट व्यासाचे ते वर्तुळ, त्याच्या आतील बाजूस मूर्तींसाठी ८१ कोनाडे, आणि बैठकींवर कोरलेली योगिनींची नावे. अक्षरांच्या वळणावरून त्याने या मूर्ती दहाव्या शतकाच्या ठरविल्या आणि नावांची यादी छापली. या वास्तूविषयी पुढे पुष्कळांनी लिहिले. राखालदास बॅनर्जी यांनी त्रिपुरीच्या हैहयांवर ग्रंथ लिहिला, आणि नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या समग्र लेखांचा बृहद्ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या आणि नागपुरास राहिलेल्या या मराठी पंडिताने आपल्या या परक्या प्रदेशाच्या राजवंशाला त्याचा इतिहास मिळवून दिला, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. पण पहिली यादी कनिंगहॅमची.

भेडाघाटचाच आणखी एक लेख आहे, आणि तो मात्र भेडाघाटला नाही. कलचुरी राजा गयाकर्ण याची राणी अल्हणदेवी ही मेवाडच्या गुहिल कुळातील. पतीच्या निधनानंतर पुत्र नरसिंह राज्यावर असता तिने इ. स. ११५५ मध्ये येथे शिवालय बांधले. त्यासोबत मठ, व्याख्यानशाळा आणि बागही केली. सर्व व्यवस्था एका पाशुपत तपस्व्याच्या हाती सोपवून तिने खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. लेखात कवीचे नाव आहे, अक्षरे कोरणाऱ्याचे नाव आहे, आणि ज्याने या साऱ्याची आखणी केली त्या पीथे नामक सूत्रधाराचेही नाव आहे. विश्वकर्म्याच्या शास्त्रात तो निष्णात होता, असे त्याचे वर्णन येते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो कलचुरी दरबाराचा स्थपती. आठशे सत्तर वर्षांमागे एका राणीला कळले होते की, वास्तू उभी करणाऱ्याचे नाव दगडावर राहिले पाहिजे आणि ती सांभाळणाऱ्याचे पोट गावाच्या उत्पन्नावर चालले पाहिजे. देऊळ, बाग आणि गाव ही तिघे मिळून एक व्यवस्था होती. देवळाला परिसरापासून वेगळे काढण्याची कल्पना त्या सूत्रधाराला सुचली नसती.

हा शिलालेख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने मिळविला आणि अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला भेट दिला. कनिंगहॅम येथे येण्यापूर्वीच तो दगड समुद्रापार गेला होता. हॉलने लेख वाचून प्रसिद्ध केला म्हणून आपणास अल्हणदेवी आणि पीथे यांची नावे कळतात, हेही खरे. त्याच्यावर चोरीचा आरोप करता येत नाही, कारण तेव्हा तसा कायदाच नव्हता. कोणाचीही संमती घेण्याचे कारण पडले नाही, कारण कोणी मालक असल्याचे दिसतच नव्हते.

कनिंगहॅमच्या खात्याचे मुख्य वैगुण्य येथेच होते. शोध घ्यावा, मोजावे, लिहावे, एवढाच त्याचा अधिकार. डागडुजीचे काम प्रांतिक सरकारांचे, म्हणजे प्रत्यक्षात बांधकाम खात्याचे. आणि त्या खात्याला रस्ते व बराकी यांतून सवड नसे. पंजाबात हडप्पाच्या टेकाडातील विटा रेल्वेच्या ठेकेदारांनी रुळांखाली खडी म्हणून घातल्या. सुमारे शंभर मैलांचा लोहमार्ग त्यांवर झाला. कनिंगहॅमने ते पाहिले, लिहिले, तेथे मिळालेल्या एका मुद्रेचे चित्रही १८७५ मध्ये छापले, पण ती मुद्रा परदेशी असावी असे समजून तो पुढे गेला. सिंधू संस्कृती त्याच्या हातात आली होती आणि त्याला ओळखू आली नाही! पन्नास वर्षांनी ती ओळखली गेली तेव्हा हडप्पाचा मोठा भाग रेल्वेखाली गेला होता.

लॉर्ड लिटन यांना ही उणीव जाणवली. १८८१ मध्ये मेजर हेन्री कोल या इंजिनिअरची प्राचीन वास्तूंचा रक्षक म्हणून स्वतंत्र नेमणूक झाली. सांचीचे पडलेले दरवाजे त्याने पुन्हा उभे केले आणि मुख्य स्तूपाचे खिंडार बुजविले. म्हणजे कनिंगहॅमच्या पिढीने जे बिघडविले ते सावरण्यास आरंभ केला. वास्तू मूळ जागीच राखावी, असा कोलचा आग्रह होता. पण ते पदही तीनच वर्षांत संपविण्यात आले. त्याच सुमारास बेग्लरच्या देखरेखीखाली बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि त्यात कनिंगहॅमचा सल्ला होता. पडझड थांबली, मंदिर उभे राहिले. पण नव्याचे प्रमाण इतके झाले की जुने कोठे संपते हे पाहणाऱ्याला कळेना, अशी टीका झाली. ती मला रास्त वाटते.

३० सप्टेंबर १८८५ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कनिंगहॅम निवृत्त झाला. तोवर त्याच्या मालेचे तेवीस खंड झाले होते. त्यांतील तेरा त्याच्या स्वतःच्या हातचे. त्याचा मोठा संग्रह घेऊन इंडस नावाची आगबोट निघाली होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये ती सिलोनच्या किनाऱ्याजवळ बुडाली. बरना नदीतील मूर्तींची आठवण त्याला त्या दिवशी झाली असेल काय? त्याच्याजवळची निवडक नाणी तेवढी वाचली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८८७ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, १८९२ मध्ये महाबोधीवरचा ग्रंथ निघाला, आणि २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले.

त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०४ चा प्राचीन वास्तू संरक्षण कायदा झाला. सर जॉन मार्शल यांच्या हाती शोध आणि संरक्षण ही दोन्ही कामे एकत्र आली. १९१२ ते १९१९ या काळात त्यांनी सांचीचे आजचे रूप सिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. जबलपुरास पुरातत्त्व सर्वेक्षणाचे स्वतंत्र मंडळ झाले ते २०२० साली; तोवर आपल्या योगिनींचे कागद भोपाळच्या मंडळात फिरत असत. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट या परिसराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. ते नैसर्गिक वारसा म्हणून गेले. कडे, नदी आणि लम्हेट्याच्या खडकांतील प्राचीन जीवांचे अवशेष यांसाठी. टेकडीवरचे वर्तुळ आणि नदीचे पात्र आता निरनिराळ्या फायलींत आहेत. अल्हणदेवीच्या लेखात ती एकाच दगडावर होती.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या भाचीला घेऊन मी देवळात गेलो. या वेळी नवव्या खंडातील यादीची नक्कल खिशात होती. ओवरीत ऊन तिरपे येत होते, त्यामुळे बैठकींवरची अक्षरे उठून दिसत होती. श्री तेरंवा, श्री फणेंद्री, श्री रणाजिरा अशी नावे भाचीने स्वतः बोट फिरवून लावली. मी यादीत खूण करीत गेलो. काही ठिकाणी अक्षर झिजले आहे आणि यादीत मात्र ते स्वच्छ छापलेले आहे. अशा जागी आम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातले. पहारेकरी आमच्याकडे काही वेळ पाहत राहिला, मग त्याने आपण होऊन ओवरीच्या दुसऱ्या टोकाची एक बैठक दाखविली आणि तेथे सकाळच्या उन्हात अधिक चांगले वाचता येते, असे सांगितले. आम्हाला परतायचे होते. त्या बैठकीपुढची जागा यादीत अजून कोरीच आहे.